सिनेमातून गाळलेली म्हैस

सिनेमा पाहून आलेल्या तेराच्या तेरा बायांचं एकच मत पडलं की पुस्तकाची पार माती केली. तेरा बायांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलं. पहिल्यांदा झालं तेव्हा आमच्या कुंभार पिंपळगावातली एक विहीर तीन हात उत्तरेला सरकली होती, पण तो विषय निराळा.

एकमत ऐकून मला घाम फुटला. कारण पुस्तक त्यांना मीच वाचून दाखवलं होतं, आणि सिनेमावाल्यांनी त्यातली एक ओळसुद्धा बदलली नव्हती.

आता हे कसं झालं ते सांगतो.

माझा एक एकर बियाण्याच्या कापसाचा प्लॉट आहे. कंपनी नराचं आणि मादीचं बी देते, आपण रानात त्यांचं लग्न लावून नवं बी तयार करून द्यायचं. याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. हे लग्न हातानं लावावं लागतं. उद्या उमलणारी कळी आज दुपारी नखानं सोलायची, पाकळ्या काढायच्या, नराचा पिवळा भुगा काढायचा आणि मधला नाजूक दांडा तेवढा राखायचा. त्यावर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून त्या दांड्यावर फिरवायचं. असं रोज, साठ दिवस. आज सोलायची राहिलेली कळी उद्या आपल्या मनानं उमलते आणि कामातून जाते. तिला कितीही हात जोडा, थांबत नाही.

म्हणून हंगामात सगळं गाव सत्यशीलाबाईच्या तोंडाकडं पाहतं. तिची बारा जणींची टोळी आहे. त्या टोळीनं सोललेली कळी पाहून कंपनीच्या साहेबानं टोपी काढून नमस्कार केला होता. म्हणजे केला नव्हता, पण करायच्या बेतात होता.

ही टोळी दोन वर्षं शेजारच्या काकासाहेबांच्या प्लॉटवर जात होती, कारण त्यांनी बांधावर भोंगा लावला होता. दिवसभर गाणी. मीही भोंगा आणायचं म्हणालो, तर बायको, आमची उषाबाई, म्हणाली, "घरात एक हाय तेवढा बास झाला."

त्यावरून मला सुचलं. कळी सोलताना हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, पण कान रिकामे. मी सत्यशीलाबाईला जाऊन सांगितलं, आमच्या प्लॉटवर दुपारून कादंबरी वाचून दाखवतो. ती म्हणाली, "पोथी असंल तर नको, झोप येती." मी म्हणालो, खुनाची आहे. ती म्हणाली, "मंग येऊ."

कादंबरी आमची नात आकांक्षा हिनं आणून दिली. ती जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. पुस्तकाचं नाव ‘मागच्या जिन्याची बाई’. लिहिणारीही जालन्याचीच, गंधाली नावाची, बँकेत मोठी अधिकारी. पुण्यात एक बंगला असतो. त्यात मालविका आणि तिचा डॉक्टर नवरा. डॉक्टर मनाच्या आजारांचा. रोज दुपारी तीन वाजता मागच्या लोखंडी जिन्यावरून एक बाई उतरते. पावलं ऐकू येतात, बाई दिसत नाही. नवरा म्हणतो, हे सगळं तुझ्या मनात आहे. मालविका म्हणते, मनात आहे तर पायरीवर माती कुठून आली.

मी बांधावर पोतं टाकून बसायचो, चष्मा लावायचो आणि खड्या आवाजात वाचायचो. दुसऱ्या दिवशी बाया अर्धा घंटा लवकर आल्या. चौथ्या दिवशी इतक्या लवकर आल्या की कळ्यांना आपण कळ्या आहोत हे अजून कळलं नव्हतं. टोळीतली साळूबाई तर मालविकेच्या काळजीनं वाळली. रोज विचारायची, "नाना, त्या लेकराला माहेर न्हाई का हो?"

आणि एकोणिसाव्या दिवशी घात झाला.

मी रोज सकाळी चहासोबत त्या दिवसाचा मजकूर आधी वाचून ठेवत असे. त्या सकाळी शेवटची चार पानं राहिली होती. वाचली. काय निघालं? कोणी नव्हतंच. बाई नव्हती, माती नव्हती, बंगल्याला मागचा जिनासुद्धा नव्हता. सगळं मालविकेच्या मनात. डॉक्टर तिला गोळी देतो, ती झोपते, समाप्त.

माझा चहा निवला. एकोणीस दिवस बारा बाया आणि माझी बायको एका जिन्याखाली उभ्या केल्या, आणि आता त्यांना सांगायचं की जिनाच नाही? शिवाय क्रॉसिंगचे अजून एक्केचाळीस दिवस बाकी. आदल्याच दिवशी सत्यशीलाबाई म्हणाली होती, "पुस्तक सरलं की सांगा नाना. काकासाहेब भोंग्यासंगं भजे बी द्यून राह्यले."

दुपारी मी बांधावर बसलो. पुस्तक उघडलं. डॉक्टर गोळी काढतो इथपर्यंत वाचलं. बारा जणींचे हात कळ्यांवर थांबले होते. मी पान उलटलं आणि त्याच आवाजात वाचलं, "तेवढ्यात मागच्या जिन्यावर खुरांचा आवाज झाला."

साळूबाईच्या हातातली कळी तुटून खाली पडली. माझ्या पुढच्या एक्केचाळीस दिवसांची सोय झाली.

ते खूर म्हशीचे होते. म्हशीचं नाव जमना, मंठ्याच्या बाजारातली, कपाळावर पांढरा चांद, उजवं शिंग मोडकं. खोटं बोलणारा माणूस जवळ उभा राहिला की ती दूध आखडून घ्यायची. डॉक्टरनं पहिल्या बायकोला गायब केलं होतं, आणि ही म्हैस त्या पहिल्या बायकोच्या माहेरची. मालकिणीचा माग काढत ती मंठ्याहून पुण्याला पायी गेली. वाटेत भीमा नदी पोहली. बंगल्याच्या अठ्ठावीस पायऱ्या चढून गच्चीवर गेली. आता म्हैस जिना चढते, पण उतरत नाही, हे कोणालाही विचारा. ती गच्चीवरच अडकली. तिला उतरवायला पुण्यात क्रेन मिळेना. शेवटी जालन्याच्या सळईच्या कारखान्यातली क्रेन बोलावली, आणि त्या क्रेनच्या प्रवासातच माझे अकरा दिवस निघाले. पुढं मंठ्याच्या कोर्टात जमनाची साक्ष झाली. बादली खाली ठेवली, डॉक्टरला जवळ उभं केलं, थेंब नाही. मालविकेला उभं केलं, बादली भरून दूध जज्जसाहेबांच्या टेबलाखालून वाहत गेलं.

साठाव्या दिवशी क्रॉसिंग संपलं. आता गोष्ट थांबवायची तर कशी? बाया म्हणाल्या असत्या, पुढचं वाचा. म्हणून मी जमनाला मारलं. साक्ष देऊन थकली, कोर्टाच्या लिंबाखाली बसली आणि उठली नाही. माझ्या हातून झालेला हा एकच खून. बाया डोळ्यांना पदर लावून रडल्या. साळूबाईनं सुतक धरलं, तीन दिवस बिनदुधाचा चहा प्याली.

हे झालं मागच्या सालचं. यंदा जुलैत बातमी आली की त्या कादंबरीवर सिनेमा निघाला.

बायांनी मला विचारलंही नाही. आकांक्षाला फोन केला, तिकिटं काढायला लावली, टेम्पो ठरवला आणि तीनच्या खेळाला सगळ्या जालन्याला. मी मधे लाकडाच्या फळीवर बसलो होतो. कापायला नेलेल्या बोकडाला टेम्पो कसा वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

सिनेमाचा पहिला अर्धा भाग बायांना पाठ होता. मालविका बोलायच्या आधी त्याच बोलत होत्या. मध्यंतरानंतर साळूबाईनं पुढच्या खुर्चीतल्या माणसाच्या खांद्यावर बोट लावलं. "भाऊ, उठू नका बरं. आता म्हैस येती." त्यानं वळून पाहिलं आणि जागा बदलली. मग डॉक्टरनं गोळी काढली. बाया खुर्चीच्या टोकाला आल्या. मालविकेनं गोळी घेतली, झोपली, पडद्यावर नावं यायला लागली, दिवे लागले. आमची एकही बाई जागची हलली नाही. त्यांना वाटलं, हे दुसरं मध्यंतर. दारावरच्या माणसानं येऊन सांगितलं, "मावशी, संपला." सत्यशीलाबाई म्हणाली, "संपला कसा? म्हैस कुठंय?"

बाहेर पायऱ्यांवर सभा भरली.

"अंधार किती हो," एक म्हणाली. "दुपारच्या तीनची गोष्ट, आन् घरात सगळे चाचपडत फिरून राह्यले. एवढा बंगला बांधला, एक खिडकी उघडायला काय झाल्तं?"

"तो डॉक्टर. एक वाक्य बोलायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात माझ्या धा कळ्या झाल्या असत्या."

"आन् पाण्याचा गिलास. टेबलावर ठेवला, मंग दाखवला, मंग पुन्हा दाखवला. मला वाटलं आता त्यात काही पडतंय. काहीच पडलं न्हाई. पाणीच होतं."

उषाबाई म्हणाली, "मालविका रडली मात्र चांगली." सगळ्यांनी मालविकेला तेवढे मार्क दिले.

आकांक्षानं मोबाइल काढून हे सगळं टिपायला सुरुवात केली होती. शेवटी तिनं मोबाइल सत्यशीलाबाईपुढं धरला. सत्यशीलाबाईनं पदर सारखा केला. "हे बघा, कळी सोलायची तर पाकळ्या काढाव्या लागतात. पुस्तकाचा सिनेमा करायचा तर काही काढावं लागत असंल, आमचं म्हणणं न्हाई. पण मधला दांडा राखायचा असतो. ह्यांनी म्हैस काढून टाकली. दांडाच तोडला. आता ह्याला बी धरंल का?"

मी टेम्पोच्या पलीकडच्या बाजूला उभा होतो. माझं खरं मत विचाराल तर सिनेमाची एकच चूक झाली, ती म्हणजे प्रामाणिकपणा. पुस्तक जिथं पडलं होतं, तिथंच तो नेमका पडला. पण हे मी बोललो असतो तर मला परतीचा टेम्पो मिळाला नसता.

आकांक्षानं ती चित्रफीत फोनवरून सोडली. तीन दिवसांत ती लाखभर लोकांनी पाहिली. आकांक्षा म्हणते अठरा हजार, पण ती प्रयोगशाळेत काम करते, तिला कमी करून मोजायची सवय आहे. मजा पुढं झाली. एका शहाण्या माणसानं पेपरात लिहिलं की मूळ कादंबरीतलं म्हशीचं सशक्त सूत्र गाळल्यामुळं सिनेमा पोकळ झाला आहे. दुसऱ्यानं लिहिलं की म्हैस ही मालविकेच्या दबलेल्या मनाचं रूप होती. कादंबरी दोघांनीही उघडली नव्हती हे उघड होतं. मला मात्र पहिल्यांदाच वाटलं की आपणही लेखनात काही करू शकलो असतो.

आणि मग आकांक्षाचा फोन आला. "नाना, गंधाली मॅडम रविवारी गावात येणार आहेत. त्यांना म्हशीच्या वाचकांना भेटायचंय. नाना, पुस्तकात म्हैस आहे ना? मी अजून वाचलं नाही."

मी म्हणालो, आवाज नीट येत नाही, आणि फोन ठेवला.

रविवार म्हणजे काय होता ते समजून घ्या. सोमवारपासून क्रॉसिंग सुरू होणार होतं. प्लॉटवर पहिल्या कळ्या आल्या होत्या. काकासाहेबांनी नवा भोंगा आणला होता, भज्यांच्या जोडीला जिलबी कबूल केली होती. आणि सत्यशीलाबाईनं निरोप धाडला होता, "मॅडमला भेटून मंग ठरवू कुठं जायचं ते." माझी लबाडी त्या दिवशी उघडी पडली तर माझा एकरभर कापूस आपल्या मनानं फुलून बसणार, आणि पुन्हा ती टोळी माझ्या बांधाला पाय लावणार नाही.

उषाबाईला मी सकाळी सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मला काय सांगून राह्यले? विसाव्या दिवसापासून तुमचा चष्मा घरी खुंटीला होता."

मला हे लक्षातच आलं नव्हतं. "मग तू बोलली का नाहीस?"

"मला बी म्हशीचं पुढं काय होतं ते ऐकायचं होतं."

दुपारी मी गावाबाहेरच्या फाट्यावर जाऊन उभा राहिलो. पांढरी गाडी आली. गंधाली मॅडम स्वतः चालवत होत्या, शेजारी आकांक्षा. मी आकांक्षाला मागं बसवलं, पुढं बसलो आणि प्लॉट येईपर्यंतच्या वाटेत सगळं कबूल केलं. मॅडमनी गाडी बाभळीखाली थांबवली.

"मी महिनाभर मुलाखतीत सांगतेय, की सिनेमानं माझ्या कादंबरीला न्याय दिला नाही," मॅडम म्हणाल्या. "खरं म्हणजे त्यांनी ओळन् ओळ घेतली. मलाच पडद्यावर पाहताना लाज वाटली. शेवट मला सुचलाच नव्हता. बँकेची तपासणी आली होती, प्रकाशकाला तारीख दिली होती. मनात होतं म्हटलं की सगळं मिटतं."

"मॅडम, फक्त एवढं म्हणा की म्हैस तुमची आहे. पहिल्या छापात होती, नंतर काढली, असं काही."

"मी खोटं बोलू?"

"तुम्ही कादंबरी लिहिता," मी म्हणालो. "मी काही नवीन सांगत नाही."

त्या हसल्या. म्हणाल्या, "बघते."

प्लॉटवर बाया आधीच येऊन बसल्या होत्या. सतरंजी टाकली होती, वर मानाचा तांब्या, केळी. साळूबाईनं मॅडमना कुंकू लावलं, हातात नारळ दिला आणि पहिलंच वाक्य बोलली, "बाई, तुमी काही मनाला लावून घेऊ नका. सिनेमावाल्यांनी नासवलं, त्यात तुमचा दोष न्हाई."

मॅडम लाल झाल्या. म्हणाल्या, "दोष थोडा माझाही असेल."

"बिलकुल न्हाई," साळूबाई म्हणाली. "आमी पुस्तक बराबर ऐकलं हाय."

सत्यशीलाबाई मॅडमच्या समोर बसली. "एक विचारायचं होतं मॅडम. जमना तुमच्या मनची, का कुठं खरी पाह्यलेली?"

मॅडमनी माझ्याकडं न पाहता सांगितलं, "पाहिलेली. लहानपणी आमच्याकडं होती तशी."

बायांत कुजबूज झाली. मला जरा बरं वाटलं.

"तरीच," सत्यशीलाबाई म्हणाली. "कपाळावर चांद होता न तुमच्या म्हशीला?"

"हो. पांढरा."

"आन् शिंग कसं मोडलं होतं?"

"गोठ्याच्या दारात अडकून."

"कोणतं?"

मी गाडीत मोडकं शिंग सांगितलं होतं, बाजू सांगायची राहिली होती. उषाबाई उजव्या हातानं उजवा कान खाजवायला लागली. बिचारीनं इतकं खाजवलं की पाहणाऱ्याला वाटावं, कानात मुंगी गेली. पण मॅडम बँकेतल्या. समोरच्याच्या डोळ्यात पाहून बोलायची सवय.

"डावं," मॅडम म्हणाल्या.

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. पलीकडच्या बांधावर काकासाहेबांचा नवा भोंगा खरखरत होता.

साळूबाई हळूच म्हणाली, "उजवं होतं, बाई."

सत्यशीलाबाई मॅडमना काही बोलली नाही. पाहुणी बाई, कुंकू लावलेली. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "नाना, जिनं म्हैस लिव्हली तिला शिंग ठाव न्हाई. असं कसं?"

आता काय सांगावं? माझ्याजवळ तीन उत्तरं तयार होती, त्यातलं एक तर फारच चांगलं होतं. पण तिची नजर अशी होती की मी जमना असतो तर दूध आखडलं असतं. मी म्हणालो, "म्हैस माझी आहे. पुस्तकात नाही. पुस्तक एकोणिसाव्या दिवशीच संपलं होतं. सिनेमात दाखवलं तसंच."

"मंग एक्केचाळीस दिस काय वाचून राह्यल्ते?"

"काही नाही. सांगत होतो."

"चष्मा नसायचा, ते मी पाह्यलं होतं," सत्यशीलाबाई म्हणाली. "आमचे डोळे कळीवर असतात म्हणून आमाला दुसरं दिसत न्हाई असं नका समजू. मला वाटलं, पाठ झालं असंल. मोठे महाराज पोथी उघडी ठेवून पाठ म्हणतात तसं."

मला काडीचा आधार मिळाला. मी म्हणालो, "तेच की. महाराज एक ओवी वाचतात आणि घंटाभर अर्थ सांगतात. तो अर्थ काही पोथीत लिहिलेला नसतो. त्याला कोणी खोटं म्हणतं का?"

"महाराज अर्थ सांगताना पानं उलटत न्हाईत," ती म्हणाली.

मी पानं उलटली होती. कधी कधी बोटाला थुंकी लावून उलटली होती.

साळूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी तीन दिस काळा चहा पेले, नाना. लेकीनं इचारलं कोण गेलं, तर मी सांगितलं, आपल्यातलीच होती."

मी खाली पाहिलं.

सत्यशीलाबाई उठली. तिच्या मागं अकरा जणी उठल्या. विहिरीपाशी जाऊन घोळका करून उभ्या राहिल्या. आवाज येत नव्हता, हात तेवढे हलताना दिसत होते. मधेच एकीनं काकासाहेबांच्या बांधाकडं हात केला. मी कापसाच्या तासात, दोन ओळींच्या मधे जाऊन उभा राहिलो. कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या. उद्या दुपारी सोलल्या नाहीत तर परवा सकाळी सगळं रान माझ्या नाकावर टिच्चून फुलणार होतं. मॅडम माझ्याजवळ आल्या. "मी उजवं म्हणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "तुमची चूक नाही. मी म्हशीला दोन्ही शिंगं मोडकी द्यायला पाहिजे होती."

उषाबाईनं दोघांच्या हातात चहा दिला. माझा काळा होता.

घोळका परत आला. सत्यशीलाबाई सतरंजीवर बसली नाही, उभीच राहिली.

"सगळं खोटं, असं तुमी म्हणता."

"हो."

"खुरांचा आवाज खोटा. गच्ची खोटी. क्रेन खोटी."

"क्रेन खरी आहे. कारखान्यात आहे. पुण्याला गेली नाही एवढंच."

"मधे बोलू नका. कोर्ट खोटं. साक्ष खोटी."

"खोटी."

"मंग कोर्टाच्या लिंबाखाली जमना मेली, ते बी खोटंच."

मी मान वर केली. बारा जणी माझ्याकडं पाहत होत्या. साळूबाईनं डोळे पुसले होते आणि ती सगळ्यांच्या पुढं येऊन उभी होती.

"खोटंच," मी म्हणालो. "बिलकुल खोटं."

"मंग ती जित्ती हाय."

"असणारच."

"मंग हाय कुठं ती?" साळूबाईनं विचारलं.

माझ्या जिभेवर आलंच होतं. "त्याचं असं झालं," मी म्हणालो, "त्या दिवशी लिंबाखाली जी म्हैस बसली होती, तिचं डावं शिंग—"

सत्यशीलाबाईनं हात वर केला. "आता न्हाई. उद्या दुपारी दोन वाजता. कळ्या हातात आल्यावर." मग मॅडमकडं वळून म्हणाली, "तुमी बी या. ह्यांच्यावर लक्ष ठेवायला कोणी लिव्हणारं पाह्यजे. शिंग कोणतं ते लिहून ठेवा."

मॅडम म्हणाल्या, "उद्या बँक आहे."

"अर्धा दिस घ्या मंग. घरचं कोणी आजारी हाय म्हणून सांगा."

"कोण आजारी सांगू?"

साळूबाई म्हणाली, "जमना."

बाया गावाकडं निघाल्या. जाताना काकासाहेबांच्या बांधावरून गेल्या. भोंगा चालूच होता. एकीनंही तिकडं मान वळवली नाही. मी पोतं झटकून ठेवलं. कपाटातून नवीन एखादं पुस्तक काढून ठेवावं का, असं उषाबाईला विचारलं. हातात काही असलं म्हणजे बरं दिसतं.

"पुस्तक ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आन् चष्मा बी घरीच ठेवा उद्या."